वापरलेली इलेक्ट्रिक कार घेताना
जुनी टाटा नेक्सॉन ईव्ही पाहायला गेल्यावर रंग आणि सीटकव्हरपेक्षा बॅटरीकडे आधी लक्ष द्यावे, कारण गाडीच्या किमतीचा मोठा वाटा तिच्यातच असतो. डॅशबोर्डवरील रेंजचा, म्हणजे उरलेल्या चार्जवर गाडी किती किलोमीटर जाईल याचा, आकडा अलीकडे गाडी कशी चालवली त्यानुसार बदलतो. त्यावर न विसंबता अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा. २०२० मध्ये बाजारात आलेल्या ३०.२ किलोवॅट-तास बॅटरीला ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत, वॉरंटी होती. ती तुमच्या नावे चालू राहील का, हेही तिथेच विचारावे. गाडी लिफ्टवर चढवून बॅटरीच्या तळाला पोचे किंवा घासल्याच्या खुणा नाहीत ना, ते पाहावे. विकणारा कितीही घाईत असला, तरी एसी (घरी वापरतात तो संथ) आणि डीसी (चार्जिंग स्टेशनवरील जलद) अशा दोन्ही चार्जरवर गाडी लावून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये.