चौथ्या मात्रेवरचा ठोका : ड्रमवादक आणि शिक्षक म्हणून माझा दिवस

माझा दिवस सकाळी साडेसहाला रबरी पॅडवर सुरू होतो. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिकणारे यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून मी सिंगल स्ट्रोक (हातांनी आळीपाळीने एकेक ठोका), डबल स्ट्रोक (प्रत्येक हाताने दोन-दोन) आणि पॅराडिडल (या दोहोंचे मिश्रण) यांचा पाऊण तास रियाज करतो. नव्याने शिकणाऱ्यांना हा वेग फार संथ वाटतो. परंतु दोन ठोक्यांमधले अंतर वाढले की हाताची घाई लगेच उघडी पडते, आणि रेकॉर्डिंगमध्ये नेमकी तीच ऐकू येते.

मी जळगावला राहतो आणि रेकॉर्डिंगची कामे बहुधा धुळ्याला असतात, त्यामुळे एरंडोल-पारोळामार्गे जाणाऱ्या एस.टी.त बसून गाण्याचा कच्चा ट्रॅक ऐकणे, मुखडा किती आवर्तनांचा, अंतऱ्याआधी थांबा आहे का, हे वहीत उतरवून घेणे हाही कामाचाच भाग आहे. सोबत स्वतःचा स्नेअर (खाली तारा लावलेला, कडक आवाजाचा ड्रम), पायाने बास ड्रम वाजवायचे पेडल आणि दोन झांजा असतात. बाकीचा संच स्टुडिओचा. तिथे पोहोचल्यावर पहिला अर्धा तास सूर लावण्यात जातो. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळावे लागतात, नाहीतर पुडीचा, म्हणजे ड्रमवरच्या ताणलेल्या पडद्याचा, ताण असमान राहतो आणि ठोक्यामागे नको असलेली गुणगुण उरते.

अलीकडे मला मिळणाऱ्या अहिराणी गाण्यांचा मूळ ठेका संगणकावर आधीच बांधलेला असतो. लग्नसराईपूर्वी आणि श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाआधी ही कामे वाढतात. संगीत संयोजक मला बोलावतात ते हाय-हॅटची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) हालचाल, उठाण आणि मुखड्यावर परततानाचा जोर यांसाठी. माझ्या पहिल्या कामात मी प्रत्येक ओळीच्या शेवटी भरगच्च तोडे वाजवले आणि गायिकेचे शब्द त्यांखाली दबले. संयोजकांनी ते सारे पुसायला लावून साधा ठेका पुन्हा वाजवून घेतला. तेव्हापासून मी गाण्याचे शब्द वाचल्याशिवाय स्टिक हातात घेत नाही.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट मात्र मला शिकवताना समजली. संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी अनेकजण आधी तबला किंवा ढोलकी शिकलेले असतात. त्यांच्या अंगात दादरा मुरलेला असतो : सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग, पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे आवर्तनाचा मुख्य जोर, आणि चौथीवर खाली, म्हणजे टाळीविना जाणारी हलकी मात्रा. ड्रमवर सहा-आठचा (पाश्चात्त्य पद्धतीचा सहा मात्रांचा) ठेका धरला की मात्रा तितक्याच राहतात. परंतु पहिलीवर पायाचा बास ड्रम येतो आणि चौथीवर स्नेअरचा सर्वांत ठसठशीत ठोका. म्हणजे ज्या जागी तबल्यावर बायाँची (डाव्या हाताच्या डग्ग्याची) घुमार थांबते, तिथेच ड्रमवादकाला जोर द्यायचा असतो. हे न सांगता नुसता ठेका शिकवला, तर चांगला तयारीचा मुलगाही चौथी मात्रा नकळत हलकी वाजवतो आणि आपले काय चुकते हे त्याला कळत नाही. म्हणून मी आधी बोल म्हणायला लावतो, हाताने टाळी-खाली दाखवायला सांगतो, मग खालीच्या जागी पाय आपटायला लावतो आणि त्यानंतरच स्टिक देतो. ज्याला दादरा पक्का आहे, त्याला साधारण दोन आठवड्यांत हा उलटा भार पेलता येतो.

परीक्षांबद्दल पालक हमखास विचारतात. तबल्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, तर ड्रमसाठी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी-परीक्षा देता येतात. वाचनाची शिस्त लागते म्हणून मी त्या द्यायला सांगतो. स्टुडिओत मात्र मला आजवर कोणी प्रमाणपत्र विचारलेले नाही.

एका बाबतीत मी कोणालाही सवलत देत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तासच सुरक्षित मानला जातो आणि पुढे प्रत्येक तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात, आणि बंद खोलीत ड्रम ती पातळी सहज ओलांडतो. त्यामुळे कानात आवाज अडवणारे बोळे (इअरप्लग) घातल्याशिवाय माझ्या वर्गात संचावर बसता येत नाही, मग विद्यार्थी सात वर्षांचा असो की चाळिशीचा.

रात्री नऊनंतर वर्ग रिकामा होतो. मी स्नेअरची तार सैल करतो, पेडलचा खिळा तपासतो आणि उद्याच्या गाण्याची आवर्तने वहीत मोजत बसतो.