सिव्हिलायझेशन ६ : सुरुवातीलाच नापीक भूमी वाट्याला आली तर

सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळाचा नवा डाव सुरू झाला, की सेटलरभोवतीची, म्हणजे नवे शहर वसवणाऱ्या गटाभोवतीची, थोडीशी घरे (नकाशाचे षटकोनी तुकडे) उजळतात आणि पुढचा डाव कसा जाईल याचा अंदाज खेळाडू त्यावरूनच बांधू लागतो. नदीकाठचे गवताळ मैदान आणि बाजूला टेकड्या दिसल्या तर चिंता नसते. वाळवंट, टुंड्रा किंवा डोंगरांनी कोंडलेली दरी दिसली, की हात आपोआप मेनूतील रीस्टार्टकडे जातो. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ असे ज्या माळव्याचे वर्णन केले जाते, तेथे राहणाऱ्या आम्हा इंदूरकरांना हा मोह अंमळ जास्तच होत असावा. परंतु नापीक भूमी सर्वच बाबतींत नापीक असते असे क्वचितच घडते. अन्न, उत्पादन, गोडे पाणी आणि विस्ताराला जागा या चारांपैकी नेमके काय कमी आहे ते आधी ओळखावे आणि तेवढेच दुसरीकडून मिळवण्याची तजवीज करावी. पुढील आकडे २०१९ मध्ये आलेला गॅदरिंग स्टॉर्म हा विस्तार धरून दिले आहेत.

प्रत्येक नागरिकाला दर टर्नला २ अन्न लागते. गवताळ घर २ अन्न देते, म्हणजे तेथे राबणारा नागरिक केवळ स्वतःचे पोट भरतो. पठारी घर १ अन्न व १ उत्पादन देते. टुंड्रा फक्त १ अन्न देते. सपाट वाळवंट आणि बर्फ काहीच देत नाहीत. टेकडी असेल तर कोणत्याही प्रकारच्या जमिनीवर १ उत्पादन वाढते, जंगलानेही १ उत्पादन वाढते. टुंड्रा व कोरडे वाळवंट येथे शेत करता येत नाही, पण त्यांच्याच टेकड्यांवर खाण काढता येते. त्यामुळे रुक्ष दिसणाऱ्या टेकड्यांच्या प्रदेशात उत्पादन सहसा कमी नसते, उपासमार असते. आणि दलदल व रेनफॉरेस्टच्या प्रदेशात नेमके याच्या उलट असते. या दोन दुखण्यांवर एकच उपाय चालत नाही.

शहर वसवण्याआधी, सेटलरला हलवण्यापूर्वी, वॉरियर या सैनिकाला जवळच्या टेकडीवर चढवावे, म्हणजे काही घरे अधिक दिसतात. सेटलर निवडलेला असताना नकाशावर गडद हिरवी घरे गोड्या पाण्याची आणि फिकी हिरवी घरे किनाऱ्याची असतात. गोड्या पाण्यालगतच्या शहराला पाण्यापोटी ५ निवास (किती लोकसंख्या सामावेल ती मर्यादा) मिळतो, समुद्रकिनारी ३ आणि कोरड्या जागी फक्त २. राजवाड्याचा १ मिळवला तरी कोरड्या राजधानीचा निवास ३ वरच थांबतो. लोकसंख्या २ झाली की वाढ निम्म्यावर येते आणि ३ झाली की पाव उरते. म्हणून पाण्यासाठी एक-दोन टर्न खर्च करणे जवळजवळ नेहमीच परवडते. त्याहून लांब जाणे माझ्या मते क्वचितच फायद्याचे ठरते, कारण तेवढ्या काळात शेजाऱ्यांची शहरे वाढू लागलेली असतात.

जागा निवडताना आणखी एक नियम वाईट भूमीत फार उपयोगी पडतो. नगरकेंद्राच्या घराला, खालची जमीन कशीही असली, किमान २ अन्न व १ उत्पादन मिळतेच. म्हणजे शून्य देणाऱ्या वाळवंटी घरावर शहर वसवले तर ते घर फुकट जात नाही आणि शेजारची चांगली घरे राबवण्यासाठी मोकळी राहतात. पठारी टेकडी मिळाली तर नगरकेंद्राला २ अन्न व २ उत्पादन मिळते. सुरुवातीच्या काळात ते एक जादा उत्पादन सेटलर आणि जमीन सुधारणारा बिल्डर लवकर तयार होण्याच्या रूपाने परत येते. मात्र जंगल असलेल्या घरावर शहर वसवले तर ते जंगल काही न देता नाहीसे होते.

यानंतर सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो, आणि पुष्कळ खेळाडू तो उशिरा घेतात. राजधानी हेच आपले सर्वांत मोठे शहर झाले पाहिजे, हा आग्रह सोडावा. मध्य प्रदेशाची राजधानी १९५६ पासून भोपाळ आहे, तरी राज्यातील सर्वांत मोठे शहर इंदूरच आहे. खेळातही राजधानीने फक्त दुसरे आणि तिसरे शहर उभे करून दिले, तरी तिचे काम झाले असे समजावे. तेव्हा नकाशा धुंडाळणाऱ्या स्काउटनंतर लगेच सेटलर काढावा; त्यासाठी शहराची लोकसंख्या किमान २ असावी लागते आणि सेटलर निघाला की ती एकाने घटते. अर्ली एम्पायर हे सिव्हिक (सांस्कृतिक प्रगतीचा टप्पा) मिळताच कॉलनायझेशन हे धोरणाचे कार्ड लावल्यास सेटलरसाठीचे उत्पादन ५० टक्क्यांनी वाढते. दोन नगरकेंद्रांमध्ये किमान तीन घरे सोडावी लागतात. पहिले शहर खराब जमिनीत असेल तर दुसरे त्याच्या शेजारी न ठेवता स्काउटने शोधलेल्या सुपीक पट्ट्यात न्यावे, फक्त ते बलाढ्य शेजाऱ्याच्या शहरांना इतके चिकटू नये की नागरिकांची निष्ठा ढासळून हातचे जाईल.

दुसरे शहर उभे राहिले, की अन्न बाहेरून आणता येते. फॉरेन ट्रेड या सिव्हिकने पहिला व्यापारी मार्ग मिळतो. देशांतर्गत मार्गाचे अन्न व उत्पादन ज्या शहरातून मार्ग निघतो त्या शहराला मिळते, ज्या शहराकडे तो जातो त्याला नाही. म्हणून उपाशी शहरातूनच मार्ग काढावा आणि तो अधिक डिस्ट्रिक्ट (शहराचे खास विभाग) असलेल्या शहराकडे न्यावा, कारण गंतव्य शहरातील कॅम्पस किंवा होली साइटमुळे अन्न आणि कमर्शिअल हब किंवा इंडस्ट्रियल झोनमुळे उत्पादन वाढते. पाण्याचीही सोय अशीच होते. इंजिनिअरिंग हे तंत्रज्ञान मिळाल्यावर नगरकेंद्राला लागून ॲक्विडक्ट (पाणी आणणारा कालवा) बांधता येतो आणि कोरड्या शहराचा पाण्याचा निवास ६ पर्यंत जातो; त्यासाठी ॲक्विडक्टच्या घराला नदी, सरोवर, ओॲसिस किंवा डोंगर लागून असावा लागतो. इंदूरला १९७८ पासून सुमारे ७० किलोमीटरवरील जलूदहून नर्मदेचे पाणी येते. खेळ इतका उदार नाही, दोन घरांपलीकडची नदी तेथे निरुपयोगी असते. म्हणून ॲक्विडक्टची जागा शहर वसवतानाच हेरून ठेवावी.

वाळवंट आणि टुंड्रा यांना खेळाने एक पळवाट ठेवली आहे, ती श्रद्धेची. स्टँडर्ड वेगाने २५ श्रद्धा साठली की पँथिऑन, म्हणजे कायम लाभ देणारी एक आरंभीची धार्मिक समजूत, निवडता येतो. डेझर्ट फोकलोअरमुळे होली साइटला लगतच्या प्रत्येक वाळवंटी घरामागे १ श्रद्धा मिळते आणि डान्स ऑफ द अरोरामुळे टुंड्राच्या घरांमागे तेच मिळते. हरणे आणि फर यांचे कॅम्प भरपूर असतील तर गॉडेस ऑफ द हंट अधिक बरा, कारण तो प्रत्येक कॅम्पला अन्न व उत्पादन दोन्ही देतो. एकाने निवडलेला पँथिऑन दुसऱ्याला मिळत नसल्याने कोड ऑफ लॉज पूर्ण होताच गॉड किंग हे कार्ड लावून श्रद्धा लवकर साठवावी. काहीच जुळत नसेल तर रिलिजस सेटलमेंट्स घ्यावा; त्याबरोबर एक सेटलर फुकट मिळतो, आणि वाईट जागेतून बाहेर पडण्याची याहून स्वस्त वाट मला माहीत नाही. वाळवंटात मॅथेमॅटिक्स हे तंत्रज्ञान येताच पेट्रा या आश्चर्यवास्तूचा विचार करावा. ते सपाट वाळवंटी घरावर बांधावे लागते आणि त्या शहराच्या वाळवंटी घरांना प्रत्येकी २ अन्न, २ सोने व १ उत्पादन देते. मात्र पूरमैदानांना हा लाभ नाही. वरच्या पातळीवर संगणक-प्रतिस्पर्धी पेट्रा आधी उरकण्याचा धोका असतोच, म्हणून सर्व भिस्त त्यावर ठेवू नये.

जंगल आणि दलदल यांच्याबाबत उपाय साधा आहे. बिल्डर तीन वेळा काम करू शकतो. मायनिंगनंतर जंगल, ब्राँझ वर्किंगनंतर रेनफॉरेस्ट आणि इरिगेशननंतर दलदल तोडता येते आणि त्याबरोबर उत्पादन किंवा अन्न एकरकमी मिळते. ही रक्कम सेटलर तयार होत असताना घ्यावी. मॅग्नस हा गव्हर्नर शहरात स्थिरावला असेल तर ती ५० टक्क्यांनी वाढते, म्हणून तोडीचे काम त्याच्या आगमनानंतर एका दमात उरकणे उत्तम. डोंगरांनी वेढलेल्या जागेत कॅम्पस प्रथम बांधावा, कारण लगतच्या प्रत्येक डोंगरामागे त्याला १ विज्ञान मिळते, शिवाय शत्रूची वाटही अडते. किनाऱ्यावर मासे असतील तर आधी सेलिंग, मग हार्बर आणि लाइटहाउस, एवढे पुरते.

ओसाड प्रदेशात रानटी टोळ्यांचा उपद्रवही अधिक होतो, कारण त्यांचे तळ कोणाच्या नजरेत नसलेल्या घरांवर उगवतात. एक-दोन सैनिक टेकड्यांवर उभे ठेवून जास्तीत जास्त भूभाग नजरेखाली ठेवावा; एरवी सेटलरबरोबर एखादा सैनिक नसला तर तो वाटेतच पकडला जातो.

रीस्टार्ट कधीच करू नये असे मात्र नाही. चहूकडे बर्फ आहे, गोडे पाणी नाही, आणि स्काउटला पुढे समुद्रच लागतो अशा बेटाच्या टोकावर विनाकारण तासन् तास घालवण्यात अर्थ नाही. वारंवार असेच घडत असेल तर डाव मांडतानाच सुरुवातीच्या जागेसाठी बॅलन्स्ड किंवा लेजंडरी हा पर्याय निवडावा, पर्जन्यमान वाढवावे, आणि आपल्या नेत्याला कोणती भूमी मानवते तेही पाहून घ्यावे. मालीच्या मान्सा मुसाला नगरकेंद्रालगतच्या वाळवंटी घरांमुळेच अन्न व श्रद्धा मिळते आणि रशियाला टुंड्रावर जादा श्रद्धा व उत्पादन मिळते, तेव्हा या दोघांच्या डावात ओसाड नकाशा दिसला तर रीस्टार्टला हातही लावू नये.