खाजगी अंगरक्षक नेमताना: शस्त्राचा कायदा आणि निःशस्त्र संरक्षणाची पद्धत

खंडणीचा फोन येतो, जमिनीच्या व्यवहारातून धमकी मिळते किंवा एखादा माणूस सतत पाठलाग करू लागतो, तेव्हा घरात पहिली चौकशी होते ती बंदूकधारी रक्षक मिळेल का याची. माझ्या मते ही चौकशी सर्वांत शेवटी करावी. आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. फोन कोठून आला हे शोधण्याचे, संशयिताला चौकशीला बोलावण्याचे आणि धोका किती खरा आहे हे ठरवण्याचे अधिकार पोलिसांकडेच असतात. धोक्याचा आढावा घेऊन पोलीस संरक्षण देऊ शकतात आणि काही वेळा त्यासाठी शुल्कही आकारतात. खाजगी अंगरक्षक ही या व्यवस्थेला दिलेली जोड आहे, तिचा पर्याय नव्हे. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तर वेळेवर केलेल्या तक्रारीची नोंद आपल्या आणि रक्षकाच्याही बाजूने उभी राहते.

तक्रारीनंतर एजन्सी निवडावी. खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ हा कायदा इमारतीच्या पहारेकऱ्याइतकाच व्यक्तीच्या रक्षणालाही लागू होतो, म्हणून बॉडीगार्ड पुरवणाऱ्या एजन्सीकडे राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याचा परवाना असलाच पाहिजे. कायद्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून (PSARA) व्यवसायात त्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात. परवान्याशिवाय एजन्सी चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद, पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवाना एजन्सीच्या कार्यालयात दर्शनी जागी लावणे बंधनकारक असल्याने तो प्रत्यक्ष जाऊन पाहावा आणि त्याची मुदत व त्यात नमूद केलेले क्षेत्र वाचावे. मोबाइलवर पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये.

त्यानंतर जो माणूस प्रत्यक्ष आपल्याबरोबर राहणार आहे, त्याची कागदपत्रे मागावीत. कायद्यानुसार रक्षकाचे वय १८ ते ६५ दरम्यान असावे, त्याच्या चारित्र्याची व पूर्वेतिहासाची पडताळणी झालेली असावी, ठरवून दिलेले प्रशिक्षण पूर्ण झालेले असावे आणि त्याच्याजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असावे. सैन्यातून किंवा पोलीस दलातून गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्या माणसाला या कामावर ठेवता येत नाही. म्हणूनच ‘माजी सैनिक’ एवढे ऐकून समाधान न मानता सेवामुक्तीचा दाखला पाहावा. केंद्राच्या आदर्श नियमांत प्रशिक्षणाचे १०० तास वर्गातले आणि ६० तास प्रत्यक्ष कामाचे आहेत, परंतु ते सर्वसाधारण सुरक्षारक्षकाचे प्रशिक्षण आहे. गर्दीत एका व्यक्तीला सांभाळणे, तिला झाकून बाहेर काढणे आणि जखमेतला रक्तस्राव थांबवणे हे वेगळे शिकावे लागते. ते कोठे शिकलात, हे मुलाखतीत रक्षकाला स्वतःला विचारावे आणि उत्तर एजन्सीच्या माणसाला देऊ देऊ नये. लष्करी छापाचा किंवा पोलिसी वाटणारा गणवेश घालून ‘कमांडो’ पाठवणारी एजन्सी पहिल्याच दिवशी नाकारावी, कारण असा वेश खाजगी रक्षकाने घालणे हाच गुन्हा आहे.

आता शस्त्राविषयी. एजन्सीचा परवाना हा सेवा पुरवण्याचा परवाना असतो. त्याने कोणालाही बंदूक बाळगण्याचा हक्क मिळत नाही. बंदुकीसाठी शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांखाली स्वतंत्र परवाना लागतो. तो जिल्हादंडाधिकारी, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त, पोलिसांच्या अहवालानंतर देतात. अर्जदाराचे वय २१ पूर्ण असावे लागते व शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. त्याच दुरुस्तीने विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन ते कमाल पाच वर्षे कैद अशी वाढवली. परवान्यावर शस्त्राचा क्रमांक, धारकाचे नाव, हेतू आणि तो कोठवर चालतो ते क्षेत्र लिहिलेले असते. यांतली एक नोंद जरी वस्तुस्थितीशी जुळली नाही, तरी ते शस्त्र रक्षकाला आणि त्याच्यामागोमाग आपल्यालाही अडचणीत आणते. फक्त महाराष्ट्रापुरता परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कमरेला लावून पुण्याहून गोव्याला निघालेला रक्षक राज्याची सीमा ओलांडताच परवान्याबाहेर जातो.

रक्षकाने स्वसंरक्षणासाठी घेतलेला वैयक्तिक परवाना पगारी पहाऱ्यासाठी आपोआप चालतो, असे मुळीच धरून चालू नये. परवानाधारकाच्या वतीने शस्त्र वाहणाऱ्या व्यक्तीचे नाव परवान्यावर नोंदवण्याची सोय आहे. सशस्त्र माणूस हवाच असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घेऊन मगच पुढे जावे. परवाना असला तरी शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक सभेत नेता येत नाही, तसेच शाळा-महाविद्यालयाच्या आवारातही नेता येत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडून माणसांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला व निवडणुकांच्या काळात निघणाऱ्या मनाई आदेशांत काठ्या, सोटे, सुरे अशा वस्तू बाळगण्यावरही बंदी येते. दौऱ्याच्या आधी त्या जिल्ह्यात असा आदेश लागू आहे का, याची चौकशी रक्षकाने करावी.

हे सारे पाहिल्यावर निःशस्त्र रक्षक म्हणजे तडजोड, असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमधील हॉटेलाबाहेर राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळात सहा गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या एकाही रक्षकाने उलट गोळी झाडली नाही. टिम मॅकार्थी यांनी आपले शरीर आड घातले, जेरी पार यांनी रेगन यांना मोटारीत ढकलले आणि वाटेत त्यांच्या तोंडातून येणारे रक्त पाहून मोटार व्हाइट हाउसऐवजी रुग्णालयाकडे वळवली. रेगन वाचले. याउलट, ८ जुलै २०२२ रोजी जपानमधील नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर झालेला पहिला बार चुकला होता. दुसरा बार होईपर्यंत सुमारे अडीच सेकंद मिळाले, पण तेवढ्यात त्यांना कोणी झाकले नाही की बाजूला ओढले नाही आणि त्यांच्या पाठीमागची बाजू उघडीच राहिली होती. दोन्ही ठिकाणी निकाल ठरवला तो रक्षकांच्या शरीरांनी आणि पावलांनी. महाराष्ट्रातही १२ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली, ती त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक असतानाच.

म्हणून रक्षकाकडून पुढील गोष्टी करून घ्याव्यात. कार्यक्रमाच्या ठिकाणी त्याने आधी जाऊन प्रवेशाची व बाहेर पडण्याची दारे, गाडी लावण्याची जागा आणि चोवीस तास चालणारे जवळचे रुग्णालय पाहून ठेवावे. बहुतेक धोका गाडीतून उतरताना आणि गाडीत बसताना असतो, त्यामुळे गाडी निघण्याच्या दिशेने तोंड करून उभी असावी, चालकाने जागा सोडू नये आणि दारात उभे राहून निरोप घेण्याची सवय आपण मोडावी. रक्षक एकच असेल, तर त्याने आपल्या किंचित मागे, हात पोचेल इतक्या अंतरावर चालावे. त्याचे दोन्ही हात मोकळे असावेत. त्याच्या हातात आपली बॅग, छत्री किंवा बाजाराची पिशवी देणारा मालक स्वतःचे संरक्षण स्वतःच काढून घेत असतो. गर्दीत त्याने चेहऱ्यांपेक्षा हातांकडे लक्ष द्यावे, कारण इजा हातांनीच होते. धोका दिसताच त्याने मोठ्याने इशारा द्यावा, आपल्याला कमरेत वाकवून स्वतःच्या शरीराने झाकावे आणि ठरलेल्या वाटेने बाहेर न्यावे. हल्लेखोराचा पाठलाग करू नये, कारण तो धावत गेला की आपण एकटे पडतो. हा क्रम घरच्या माणसांसह आणि चालकासह प्रत्यक्ष करून पाहावा.

बहुसंख्य प्रसंग मात्र हल्ल्याचे नसतातच. ते रागावलेल्या माणसाचे असतात: थकलेले पैसे मागणारा, जमीन गेलेला, नुसताच फोटोसाठी घुसणारा. तेथे रक्षकाने उघडे तळवे दिसतील असे उभे राहून, ‘दादा, जरा इकडे या, साहेबांशी वेळ ठरवून देतो’ असे शांतपणे बोलावे. लोकांना ढकलत, शिव्या देत वाट काढणारा बाउन्सर शत्रू वाढवतो आणि फौजदारी तक्रारही ओढवून घेतो.

बळाचा वापर करावाच लागला, तर भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ रक्षकाला ठाऊक असावीत. स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या शरीराच्या रक्षणाचाही हक्क कलम ३५ देते. अंगरक्षकाचे काम त्यावर उभे आहे. परंतु जरुरीपेक्षा जास्त इजा करता येत नाही, पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही आणि धोक्याची वाजवी भीती संपली की हक्कही संपतो. खाली पडलेल्या, शस्त्र हातातून सुटलेल्या माणसाला मारलेली पुढची लाथ संरक्षणात बसत नाही. आपल्यासमोर दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला खाजगी व्यक्ती पकडू शकते, पण त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते.

घटना घडल्यावर आधी जखमींवर उपचार, मग ११२ वर फोन. जागेवरच्या वस्तू हलवू नयेत, सीसीटीव्हीचे चित्रण पुसले जाण्याआधी सुरक्षित करून घ्यावे, रक्षकाची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि त्याचा जबाब त्याच्याच शब्दांत होऊ द्यावा.