बाईक १५-२० मिनिटांनी बंद पडते, थांबलं की परत चालू: माझ्याकडे दोष टाकीच्या झाकणात निघाला

माझी १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली. वाशीहून निघालो की पाम बीच रोडवर बेलापूर यायच्या आधीच कुठेतरी पिकअप जायचा, दोन-तीन गचके आणि बंद. पाच मिनिटं थांबलो की जणू काही झालंच नाही अशी चालू.

प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोल फिल्टर नवा टाकला. मेकॅनिक म्हणे आता कॉइल बदलू, तिथे डोकंच फिरलं.

पुढच्या वेळी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि पहिल्याच सेल्फला चालू! झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं. वरून हवा आली नाही की टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही.

मग घरी इंजिन थंड झाल्यावर झाकण उघडून आधी टाकीच्या तोंडात फडकं कोंबलं (स्क्रू आत पडला तर बोंब), अ‍ॅलन कीने स्क्रू काढून झाकण सोडवलं, वायरमधली तांब्याची एक तार भोकात हळूच फिरवली, गंज आणि मातीचा काळा चिखल निघाला, मग सायकलच्या पंपाने हवा मारली. तोंडाभोवतीचं पाणी खाली सोडणारी बारीक नळी पण तुंबलेली, तीही फुंकली. रबर सील पुसून सगळं परत बसवलं. खर्च शून्य.

रविवारी वाशी-बेलापूर दोनदा, एकदाही गचका नाही.