बेसबॉलचा स्विंग शिकवताना या चुका टाळा: अंगात क्रिकेट मुरलेल्या मुलांसाठी

मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत बेसबॉलच्या सरावाला पहिल्यांदा आलेलं लेकरू कोरी पाटी घेऊन येत नाही. त्याच्या अंगात चार-पाच वर्षांचं क्रिकेट मुरलेलं असतं. बॅट जमिनीला टेकवून उभं राहायचं, चेंडूच्या टप्प्यापर्यंत पाय न्यायचा, बॅट सरळ आणायची, चेंडू खाली ठेवायचा. शिकवणारे सरही बहुतेक वेळा क्रिकेटच खेळलेले असतात. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक हातात पडतं, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे संघ उभे करायचे असतात, आणि मग मोबाइलवर अमेरिकेतल्या कोचचा व्हिडिओ बघून तेच आपल्या मैदानावर सुरू होतं. त्या व्हिडिओतल्या मुलानं क्रिकेटची बॅट कधी हातात धरलेली नसते. चूक वरवर सारखी दिसली तरी तिचं मूळ वेगळं असतं, त्यामुळे तिकडचा उपाय इथं लागू पडत नाही.

दुसरी अडचण म्हणजे स्विंगमधली, म्हणजे बॅट फिरवण्यातली, चूक दिसते शेवटी आणि झालेली असते बरीच आधी. चेंडू आकाशात उडाला की आपण हातांवर ओरडतो, पण बिघाड पायात असतो. म्हणून मुलाला बघताना खालून वर बघावं: आधी पाय, मग कंबर, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅट. त्यातही सगळ्यात आधी सापडलेली चूक तेवढी धरायची, बाकीच्या त्या दिवशी सोडून द्यायच्या. निम्म्या वेळा पहिली सुटली की पुढच्या दोन आपोआप जातात.

मुलाला हात लावण्याआधी बॅट बघा

शाळेकडे बॅट एकच असते, आणि ती मोठ्या मुलांची. ३३ इंच लांब, ३० औंसांची, म्हणजे साधारण ८५० ग्रॅमची. सातवीतल्या पोराला ती झेपत नाही. ते काय करतं, मागचं खांदं पाडतं, कोपर पोटाजवळून पुढं ढकलतं आणि बॅट ओढत आणतं. आपण म्हणतो, 'कोपर नीट ठेव.' कोपर कसं नीट राहील? याच वयाच्या मुलाला २८-२९ इंचांची आणि १८-१९ औंसांची, म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या आतली बॅट दिली की तोच मुलगा वेगळा दिसतो.

तपासायचं साधं आहे. नॉबकडच्या (मुठीच्या टोकाच्या गोल बोंडाकडच्या) एकाच हातानं बॅट खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला धरायला सांगा आणि वीसपर्यंत आकडे मोजा. हात थरथरला किंवा बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, खाली आला तर बॅट जड आहे. दुसरी बॅट नसेल तर त्याला नॉबपासून दोन-तीन बोटं वर धरू द्या. काही पालकांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू द्या.

पकड बघायची ती याच वेळी. दोन्ही हातांत फट नको, आणि बॅट तळव्यात रुतलेली नको, बोटांत हवी. दार ठोठावताना जी बोटांची पेरं पुढं येतात ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत आली की पुरे. तिथं अर्ध्या सेंटीमीटरसाठी अर्धा तास घालवू नये.

लांब पाऊल: आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक

क्रिकेटमध्ये पुढं पडलेल्या चेंडूवर पाय न्यायचा, डोकं पुढच्या गुडघ्यावर आणायचं, हे पहिल्या दिवसापासून शिकवलं जातं आणि ते तिथं बरोबरच आहे, कारण चेंडू टप्पा पडून उसळणार असतो. बेसबॉलमध्ये चेंडू टप्पाच घेत नाही. पिच, म्हणजे पिचरनं (चेंडू टाकणाऱ्यानं) टाकलेला चेंडू, हा एक वेगानं आलेला फुलटॉसच. त्याच्याकडे धाव घेऊन काही मिळत नाही, उलट वेळ कमी होतो. लहान मुलांच्या मैदानात पिचर साधारण १४ मीटरवर असतो. ताशी ८० किलोमीटरनं आलेला चेंडू हे अंतर सहा-दशांश सेकंदात कापतो. त्यात मुलाचं अख्खं अंग पुढं गेलं की डोळेही पुढं जातात, आणि चेंडू आहे त्यापेक्षा जास्त वेगानं आल्यासारखा वाटतो.

लक्षणं अशी: अंग पुढच्या पायावर कोसळतं, मागचा पाय नुसता फरफटत येतो, संथ पिचवर बॅट फारच आधी फिरून जाते, आणि लागलाच चेंडू तर हलका ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून घरंगळणारा चेंडू, जातो. पोरगं विचारतं, 'सर, बॉल तर दिसायलाय, मग लागंना कामून?' त्याचं खरं आहे. दिसायला काहीच अडचण नसते. मारायच्या आधीच त्याच्या अंगातलं बळ खर्च झालेलं असतं. स्विंगचा जोर येतो तो मागं ठेवलेलं वजन आणि घट्ट रोवलेला पुढचा पाय या दोहोंमधून. पुढची टाच टेकते, पाय ताठ होतो, आणि त्याला अडूनच कंबर फिरते. पुढचा गुडघाच वाकून पुढं सरकत राहिला तर कंबरेला अडायला जागा उरत नाही.

उपाय म्हणून 'छोटं पाऊल टाक' हे सांगून काही होत नाही. पुढच्या पायापासून वीतभर अंतरावर फक्कीची एक रेघ मारा आणि तिच्यापलीकडे पाय जाऊ द्यायचा नाही एवढंच सांगा. मग पाऊल टाकायला लावून तिथंच थांबवा. बॅट फिरवायची नाही. आता पुढचा पाय परत उचलायला सांगा. न डगमगता उचलला तर वजन मागं आहे. उचलताना अंग पुढं झुकलं किंवा पाय निघालाच नाही तर तो आधीच पुढं गेलाय. ही चाचणी मुलं एकमेकांची घेऊ लागली की सरांचं निम्मं काम होतं. फारच जुनी सवय असेल तर दोन आठवडे पाऊल बंदच करा. पाय रुंद करून उभं राहायचं आणि तिथूनच फिरायचं.

इथं एक निरीक्षण. नेटमध्ये कोचिंग घेतलेल्या मुलापेक्षा गल्लीत टेनिस बॉलवर आडवे षटकार हाणणारं पोरगं बेसबॉल लवकर शिकतं. क्रिकेटचे सर ज्यासाठी त्याला रागावत असतात, तेच इथं कामाला येतं.

पाय बाहेर काढणं

उजव्या हाताच्या बॅटरचा पुढचा पाय पिचरकडे जायच्या ऐवजी तिसऱ्या बेसकडे, म्हणजे पाठीच्या बाजूला, जातो. मग होम प्लेटच्या, म्हणजे ज्या पाटीवरून चेंडू यायला हवा तिच्या, बाहेरच्या कडेचा चेंडू त्याच्या बॅटच्या टप्प्यातच येत नाही. प्लेट १७ इंच रुंद असते, त्यातला बाहेरचा भाग त्यानं पिचरला फुकट देऊन टाकलेला असतो.

याला तंत्राची चूक म्हणणं मला पटत नाही. ही भीती आहे, आणि भीती घालवायला ओरडा चालत नाही. टेनिस बॉलवर या, पिचचा वेग कमी करा, आणि अंगावर चेंडू आला तर काय करायचं ते आधी शिकवा: हनुवटी छातीला, पुढचं खांदं आत वळवायचं, चेंडूला पाठ द्यायची. हे मऊ चेंडूवर दहा-पंधरा वेळा करून घेतलं की पाय आपोआप जागेवर येतो. काही ठिकाणी टाचेमागं वीट ठेवतात. ती ठेवू नका, घोटा मुरगळतो. सुतळी अंथरली तरी काम भागतं.

हात लांबून फिरणं आणि कोपर पुढं जाणं

या दोन चुका उलट दिशेच्या आहेत, पण लांबून सारख्याच दिसतात. पहिलीत हात अंगापासून दूर जाऊन मोठा वळसा घेतात. आतल्या पिचवर चेंडू बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि हाताला झिणझिण्या येतात. दुसरीत मागचं कोपर हातांच्याही पुढं येतं आणि बॅरल मागं लोंबकळत राहतो. डोळ्यांनी यांतला फरक कळणं अवघड आहे. मोबाइल छातीच्या बाजूनं धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा आणि पुढची टाच टेकल्यानंतरची चित्रं एकेक करून बघा. कोपर हातांच्या पुढं असेल तर आधी बॅटचं वजन तपासा. दुसरं कारण आपणच दिलेलं असतं: 'कोपर वर!' हा मैदानावरचा सगळ्यात लाडका ओरडा. वर उचललेलं कोपर खाली यायला जास्त अंतर कापतं आणि येता येता पुढं घुसतं. ते सैल, खांद्याच्या थोडं खाली असलं तरी चालतं.

हात लांबून जात असतील तर शाळेच्या शेडनेटसमोर उभं करा. नॉब बेंबीला आणि बॅरलचं टोक जाळीला, एवढं अंतर. आता जाळीला न लागता बॅट फिरवायची. भिंतीसमोर हे करू नका, बॅटही जाते आणि मनगटही. शिवाय हे थोडकंच करावं. जास्त केलं की मुलं हात अंगाला चिकटवून फिरायला लागतात.

'वरून खाली मार' म्हणणं बंद करा

पॉप-अप गेला, म्हणजे चेंडू जवळच उंच उडाला, की सगळीकडे हीच आरोळी येते. पिचरच्या हातातून सुटलेला चेंडू उताराला असतो. मोठ्यांचा जलद पिचसुद्धा प्लेटपाशी पाच-सहा अंश खाली येत असतो, मुलांचा संथ पिच तर त्याहून जास्त. वरून खाली जाणारी गोल बॅट आणि वरून खाली येणारा गोल चेंडू यांची गाठ एका बिंदूवरच पडते. बॅट त्याच उतारावर, किंचित वर जाणारी असेल तर दोघांची वाट बराच वेळ एक राहते. १९४१ च्या हंगामात ०.४०६ ची सरासरी (दहात चारहून जास्त हिट) काढणारा अमेरिकेतला नावाजलेला बॅटर टेड विल्यम्स आयुष्यभर हेच सांगत राहिला. क्रिकेटची बॅट १०.८ सेंटीमीटरपर्यंत रुंद आणि सपाट असते, थोडं चुकलं तरी चेंडू जातो. मुलांच्या बेसबॉल बॅटचा व्यास फार तर पावणेसात सेंटीमीटरच्या आत. तिथं वाट चुकली की चेंडू सुटलाच.

पण म्हणून मुलाला 'वर मार' असंही सांगू नका. तो मागचं खांदं पाडून विहिरीतून पाणी उपसल्यासारखी बॅट आणेल. सांगायचंच असेल तर दिशा सांगा: 'पिचरच्या डोक्यावरून, सेंटर फील्डच्या खेळाडूपर्यंत सरळ रेघ.' बॅट कुठून आणायची हे अंग स्वतः शोधतं.

मनगट लवकर वळणं ही तर शुद्ध क्रिकेटची देणगी. पुल मारताना मनगट फिरव, चेंडू खाली ठेव, असं त्याला घोकवलेलं असतं. बेसबॉलमध्ये चेंडू लागताना उजव्या हाताच्या बॅटरचा उजवा तळवा आकाशाकडे आणि डावा जमिनीकडे हवा. मनगट वळायचं ते चेंडू निघून गेल्यावर. एकाच मुलाचे ग्राउंडर सारखे शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या खेळाडूकडे) जात असतील तर हेच बघा. बॅट अगदी सावकाश फिरवून टीवरच्या (चेंडू ठेवायच्या उभ्या दांड्यावरच्या) चेंडूपाशी थांबवायला लावा आणि तळवे बघा.

टी चुकीच्या जागी आणि पाय चिखलात

टी बहुतेक शाळांत पोटासमोर ठेवलेली दिसते. तिथून चेंडू मारायची सवय लागली की सामन्यात बॅट नेहमी उशिरा येते. मधल्या चेंडूसाठी टी पुढच्या पायासमोर, आतल्यासाठी त्याहून पुढं, बाहेरच्यासाठी थोडी मागं. आणि प्लेट नसेल तर फक्कीनं आखून घ्या. टी हलवायची ती प्लेटच्या हिशोबानं, मुलाचे पाय आहेत तिथंच राहिले पाहिजेत. विकतची टी हवीच असं नाही. डब्यात सिमेंट ओतून उभा केलेला पीव्हीसी पाइप आणि टोकाला रबरी होसचा तुकडा, काम चालतं. घरी सरावाला चिंध्या भरलेले मोजे.

डोक्यासाठीही टीच कामाची. चेंडू गेल्यावर मनात एक म्हणेपर्यंत टीच्या टोकाकडेच बघत राहायचं. 'किती लांब गेला?' हे बघायची घाई झाली की मान आधी निघते आणि खांदं मागोमाग.

जुलै-ऑगस्टमध्ये एक चूक फक्त आपल्याच भागात होते. काळ्या मातीच्या मैदानावर पाऊस पडून गेला की चिखल बुटाला किलोकिलोनं चिकटतो. मागचा पाय फिरतच नाही, आणि सर म्हणतात कंबर फिरव. पाय जमिनीत रुतलेला आणि कंबर जोरात फिरलेली, म्हणजे सगळा पीळ गुडघ्यावर. बॅटरच्या उभं राहण्याच्या जागेपुरता मुरूम टाकून घ्या, दोन-चार पाट्या पुरतात. तेही जमत नसेल तर त्या दिवशी व्हरांड्यात चवड्यावर फिरण्याचा कोरडा सराव. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानातही हाच नियम.

बॅट हातात घेऊन धावणं

क्रिकेटच्या सवयीनं मुलं बॅटसकट पहिल्या बेसकडे पळतात, काही तर बेसवर ती टेकवतातसुद्धा. हसू येतं, पण उपाय लगेच करायला हवा, कारण 'बॅट टाक' म्हटलं की ती फेकली जाते, आणि फेकलेली बॅट मागं बसलेल्या कॅचरच्या किंवा पुढच्या नंबरच्या मुलाच्या नडगीवर जाते. टीवरच्या सरावातही प्रत्येक फटक्यानंतर बॅट दोन पावलांत खाली ठेवून मग धावायचं, असं लावून द्या. वाट बघणारी मुलं बॅटरपासून दहा पावलं लांब, आणि मधे कुणी चेंडू वेचायला शिरायचं नाही. दोनच हेल्मेट असतील तर एक बॅटरला आणि दुसरं पुढचा नंबर असलेल्याला.