नागपूरहून मुंबईला जाताना परवडणारी खोली कशी शोधावी

मुंबईत राहायचे म्हटले की बहुतेक नागपूरकर मोबाईलवर बुकिंगचे एखादे ॲप उघडतात, सर्वांत कमी दर आधी दिसतील अशी यादी लावतात आणि वरच्या चार-पाच नावांतून एक निवडतात. अशा रीतीने खोली मिळते, मात्र ती स्वस्त पडेलच असे सांगता येत नाही. खोली कामाच्या ठिकाणापासून किती दूर आहे आणि आपण तिथे किती वाजता पोहोचणार आहोत, यांवर मुंबईतला खर्च भाड्याइतकाच अवलंबून असतो. त्यामुळे दर पाहण्याआधी कामाचा पूर्ण पत्ता, गाडी पोहोचण्याची वेळ आणि परतीची वेळ या तीन गोष्टी लिहून काढाव्यात. पत्त्यात उपनगराच्या नावापुढे पूर्व आहे की पश्चिम, हे आवर्जून पाहावे. रेल्वेमार्गाची चुकीची बाजू निवडली तर नकाशावर जवळ दिसणारे ठिकाणही बरेच लांब पडते.

हा तपशील हाताशी आला की पहिला प्रश्न असा विचारावा की, रात्रीची खोली खरोखर लागणार आहे का? विदर्भ एक्सप्रेस आणि दुरांतो या दोन्ही गाड्या नागपूरहून संध्याकाळी किंवा रात्री निघून सकाळी मुंबईत पोहोचतात आणि परतीलाही संध्याकाळीच सुटतात. मंत्रालयातले काम, मुलाखत किंवा उच्च न्यायालयातली तारीख एका दिवसात आटोपणार असेल, तर आंघोळ, कपडे बदलणे आणि तास-दोन तास पाठ टेकणे एवढीच गरज उरते. तेवढ्यासाठी रेल्वेची रिटायरिंग रूम किंवा तिथली डॉर्मिटरी पुरेशी असते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असेल, तर पीएनआर क्रमांक टाकून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर हे आरक्षण करता येते आणि काही स्थानकांवर ते तासांच्या हिशेबानेही मिळते. जागा मोजक्या असल्याने तिकीट काढले त्याच दिवशी हे काम उरकावे. मुंबई सेंट्रलला 2021 मध्ये भारतीय रेल्वेवरचे पहिले पॉड हॉटेल सुरू झाले आणि पुढे सीएसएमटीलाही तशी सोय झाली. एकट्या, तरुण प्रवाशाला झोपण्यापुरती ही बंद कप्प्यासारखी जागा चालून जाते. वयस्क आई-वडील बरोबर असतील, तर हा पर्याय सोडून द्यावा.

मुक्काम करायचाच असेल, तर चेक-इनचा नियम भाड्याच्याही आधी विचारावा. अनेक हॉटेलांत दिवस दुपारी 12 ते दुपारी 12 असा मोजतात, तर बऱ्याच जुन्या लॉजमध्ये आपण आत शिरलो त्या क्षणापासून 24 तास मोजले जातात. नागपूरची गाडी सकाळी पोहोचत असल्याने हा फरक आपल्याला थेट पैशांत जाणवतो. दुपारी 12 चा नियम असलेल्या ठिकाणी सकाळी आठला गेल्यास एकतर सामान घेऊन ताटकळत बसावे लागते किंवा लवकर खोली दिल्याबद्दल जादा रक्कम, कधी तर अख्ख्या दिवसाचे भाडे मोजावे लागते. समजा, दोन लॉजचे भाडे अनुक्रमे 1,800 आणि 2,000 रुपये आहे आणि 1,800 रुपयांचे लॉज सकाळच्या चार तासांसाठी 500 रुपये वेगळे मागत आहे. तर 24 तासांच्या हिशेबाचे 2,000 रुपयांचे लॉजच स्वस्त पडते. ॲपवर हा नियम बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच, त्यामुळे फोन करून खात्री करून घ्यावी.

आता परिसराविषयी, कारण पैसे वाचतात ते मुख्यतः इथेच. नागपूरकराला प्रथम हे माहीत असावे की दक्षिणेकडे रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या पुढे येत नाहीत. दादर, परळ, फोर्ट, कुलाबा या भागांत टॅक्सी, बस, लोकल आणि मेट्रो हीच साधने आहेत. बर्डीहून धरमपेठेला जावे तसे रिक्षात बसून खोलीवर जाऊ, असा हिशेब तिथे चालत नाही. म्हणून दक्षिण मुंबईत काम असेल, तर खोली फोर्टमध्येच हवी असा हट्ट न धरता ती एखाद्या स्थानकापासून सामानासह चालत जाण्याजोगी असावी, एवढे पाहावे. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाल्यापासून पर्याय वाढले आहेत. अंधेरी पूर्वेच्या मरोळ नाक्याजवळ खोली घेतली, तर तिथून दादर, सीएसएमटी, चर्चगेट आणि मंत्रालयाजवळचे विधान भवन स्थानक एकाच गाडीने गाठता येते आणि विमानतळही जवळ राहतो.

दादर मला विदर्भातल्या माणसासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण वाटते. मध्य आणि पश्चिम हे लोकलचे दोन्ही मार्ग तिथे मिळतात आणि मराठी खानावळी पावलोपावली असल्याने जेवणाचा खर्च आटोक्यात राहतो. भाडे दादरपेक्षा कमी हवे असेल, तर ठाणे किंवा वाशी पाहावे. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, त्यामुळे स्वतःच्या मोटारीने येणाऱ्यांना ठाण्यात थांबून पुढे लोकलने जाणे सोपे पडते. गाडी दक्षिण मुंबईत नेली, तर पार्किंगचा खर्च खोलीतली बचत खाऊन टाकतो. मात्र सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान उपनगरांतून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सामानासह चढणे जवळजवळ अशक्य असते, हे लक्षात ठेवूनच लांबची खोली घ्यावी. आमदार निवासात ओळखीने सोय होईल, हा भरवसा आपल्याकडे फार जणांना असतो. तिथली खोली आमदारांच्या नावे असते आणि त्यांच्या मतदारसंघातले दुसरे कोणी आधीच उतरलेले असू शकते, तेव्हा दुसरी सोय न करता केवळ त्यावर विसंबून निघू नये.

दोन-तीन ठिकाणे नक्की झाली की प्रत्येक ठिकाणी फोन करावा आणि कर धरून एकूण किती, हा प्रश्न विचारावा. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, म्हणजे 2,000 रुपयांच्या खोलीचे 2,100 होतात. पूर्वीच्या 12 टक्क्यांच्या हिशेबाने कोणी 2,240 सांगत असेल, तर नम्रपणे विचारणा करावी. ॲपवरचा दर सांगून थेट आरक्षणासाठी काही कमी होईल का, असे विचारण्यात संकोच बाळगू नये, कारण थेट आलेल्या ग्राहकावर हॉटेलला ॲपचे कमिशन द्यावे लागत नाही. तिसऱ्या माणसासाठी गादीचे किती, बाथरूम खोलीला जोडून आहे की सामायिक, लिफ्ट आहे का आणि खोलीला खिडकी आहे का, हेही त्याच फोनवर विचारावे. मुंबईत खिडकी नसलेल्या खोल्या सर्रास असतात आणि पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो. एसीच्या बाबतीत नागपूरचा अनुभव तिथे लावू नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरवर भागते, मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो. त्यामुळे एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये एसीसाठी जास्त पैसे द्यावेत आणि जानेवारीत पंख्याच्या खोलीत खुशाल राहावे.

तारीख आपल्या हातात असेल, तर काही दिवस टाळावेत. हिवाळी अधिवेशनाच्या काळात सिव्हिल लाइन्स आणि बर्डीच्या हॉटेलांचे काय होते हे आपण दरवर्षी पाहतो. मुंबईत तीच स्थिती नाताळ ते नववर्ष या आठवड्यात आणि गणेशोत्सवात लालबाग-परळ भागात असते. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर राज्यभरातून अनुयायी येतात, त्यामुळे अन्य कामासाठी जाणाऱ्यांनी त्या दोन-तीन दिवसांत दादरऐवजी दुसरा भाग पाहावा.

टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचारांसाठी जाणाऱ्यांची गरज वेगळी असते, कारण तिथला मुक्काम दिवसांचा नसून आठवड्यांचा असतो आणि लॉजचे भाडे उपचारांचा पैसा गिळते. अशांनी हॉटेल शोधण्याआधी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती येथे चौकशी करावी. आपल्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची ही धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. रुग्णालयाची कागदपत्रे बरोबर ठेवावीत आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागालाही भेटावे, कारण निवासाच्या अशा सोयींची माहिती तिथे मिळते.

पैसे देताना सावध राहावे. नकाशावर किंवा शोधयादीत हॉटेलच्या नावाखाली भामट्यांनी आपला क्रमांक टाकण्याचे प्रकार घडतात, म्हणून क्रमांक दोन ठिकाणी ताडून पाहावा आणि एखाद्या व्यक्तीच्या नावे असलेल्या यूपीआय खात्यावर पूर्ण भाडे आगाऊ पाठवू नये. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शक्यतो हॉटेलवर पोहोचून पैसे देण्याचा पर्याय घ्यावा. प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे पत्ता असलेले मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. नोंदवहीत सही करण्याआधी खोली पाहून नळाला पाणी, दाराची आतली कडी आणि चादर तपासावी आणि पसंत नसेल तर दुसरी मागावी. परतीची गाडी रात्रीची असेल, तर खोली सोडल्यावर सामान काउंटरपाशी ठेवू देतील का, हे आधीच ठरवून घ्यावे. नाही म्हटले, तर स्थानकावरच्या क्लोकरूमचा उपयोग होतो, मात्र तिथे बॅगेला कुलूप असावे लागते.