क्वार्टेट रेकॉर्ड करताय? आधी ट्यूनर

चौघांचा जॅझ बँड: पियानो, टेनर सॅक्स, डबल बेस, ड्रम्स आणि सगळ्या रचना स्वतःच्या. तर पहिला फोन ट्यूनरला, म्हणजे पियानो सुरात लावणाऱ्याला. तो कोणत्या दिवशी मोकळा आहे ते विचारा, मग जागेची तारीख घ्या. जागेचा मालक म्हणेल, "गेल्याच महिन्यात ट्यून केलाय." हो म्हणा आणि तरीही ट्यूनर बोलवा. मुंबईच्या दमट हवेत साउंडबोर्ड (पियानोच्या तारांखालची लाकडी फळी) फुगतो, मधल्या सप्तकांचा सूर चढतो. एसीने हवा कोरडी झाली की उतरतो. म्हणून एसी आदल्या रात्रीपासून चालू, आणि ट्यूनिंग त्याच थंडाव्यात, त्याच दिवशी सकाळी, ए ४४० वर (ए स्वर सेकंदाला ४४० कंपनांवर). मागच्या वेळचे दोन बॅलड (संथ रचना) याच पायी पडून आहेत.

जर्मनीत कोलोनला १९७५ मध्ये जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटला भलताच छोटा, खराब पियानो मिळाला आणि तरी काय वाजवलं, हे कोणीतरी ऐकवेलच. तो एकटा वाजवत होता. तुमच्या बेसवाल्याने आणि सॅक्सवाल्याने कुठला सूर धरायचा?

नोटेशन. टेनर बी फ्लॅटचं वाद्य, कागदावरचा सी ऐकू येतो बी फ्लॅट, तोही एक सप्तक आणखी खाली. त्याचा पार्ट वेगळा लिहा. "वाजवता वाजवता बदलून घे" हे ओळखीच्या स्टँडर्डला (सगळेच वाजवतात अशा जुन्या रचनेला) चालतं, तुमच्या नव्या कॉर्ड्सना नाही. ड्रमरला कोरा कागद देऊ नका. सोलो कोणाचा, किती कोरस (रचनेच्या फेऱ्या), आणि मुख्य म्हणजे शेवट कसा, हे लिहूनच ठेवा. नाहीतर टेकमध्ये, रेकॉर्डिंग चालू असताना, तिघं थांबतात आणि चौथा वाजवत राहतो.

ट्यूनरला पूर्ण दिवसाचे पैसे द्या. सकाळी येऊन गेला, झालं, असं नाही. तीन तास जोरात वाजवल्यावर एकाच स्वराच्या तारा आपसांत सरकतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीत पुन्हा हात फिरवायला तो तिथेच हवा. आवाजासाठी टेकपुरता एसी बंद करणार असाल तर त्याची गरज दुप्पट.

स्टूल करकरतं का, पेडल कुरकुरतं का, बघा. अवघड रचना दुसरी घ्या, पहिली नको. दोन-तीन टेक, मग पुढे.

मिक्स (सगळ्या वाद्यांचा जुळवलेला एकत्र आवाज) गाडीत ऐका, बेस तिथे कळतो. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, दुसऱ्या कानांकडून. आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक) घ्या, आयपीआरएसकडे (रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) नोंद करा. नावांची स्पेलिंग ज्याची त्याच्याकडून लिहून घ्या. कव्हरचं काय ते बघा.